शहाडच्या गणपतीची तारीख

मी आईकडे राहायचे आणि बाबांकडे जायचे. यातलं ‘राहणं’ कुठे आणि ‘जाणं’ कुठे, हे ठाण्याच्या कोर्टाने ठरवून दिलेलं होतं, त्यामुळे बोलण्यात गडबड झाली की दोन्ही घरांत लगेच दुरुस्ती व्हायची. ‘शनिवारी बाबांकडे राहायला जाणारे’ असं म्हटलं की आई पोळी लाटता लाटता म्हणायची, ‘राहायला नाही, भेटायला.’ आणि शहाडला, बाबांच्या घरी, एखाद्या पाहुण्याने ‘पोर कुठं असते हल्ली?’ असं विचारलं की आजी बिनदिक्कत सांगायची, ‘हितंच असते. शाळेला तेवरी ठान्याला जाते.’ कागदावर माझा ताबा आईकडे होता. ताबा हा शब्द तोवर मी फक्त फ्लॅटच्या बाबतीत ऐकलेला. वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीतली निम्मी माणसं कुठे ना कुठे जागा बुक करून बसलेली असायची आणि जिन्यात भेटली की एकमेकांना ‘ताबा मिळाला का?’ असं विचारायची. त्यामुळे कोर्टाने आईला माझी किल्ली दिली असावी आणि बाबांना अधूनमधून जागा बघायला यायची परवानगी, अशी माझी समजूत झाली होती. आज इतक्या वर्षांनी वाटतं, समजूत फारशी चुकीची नव्हती.

वर्तकनगरच्या घरात आई, मी आणि आईचे वडील, म्हणजे आजोबा, असे तिघंच होतो. आई वीज मंडळाच्या ऑफिसात जायची. आजोबा रिटायर्ड ड्राफ्ट्समन. आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढल्यामुळे त्यांना घरातली प्रत्येक गोष्ट काटकोनात लागायची. वर्तमानपत्र टेबलाच्या कडेला समांतर, चपला भिंतीला समांतर, आणि मी अभ्यासाला बसले की माझी वहीसुद्धा. आईची आई मी लहान असतानाच गेली. तिच्यामागे आजोबा स्वयंपाक शिकले, तोही नकाशा काढावा तसाच. गणपतीत ते उकडीचे मोदक स्वतः करायचे. पारीच्या कळ्या एकसारख्या यायला हव्यात म्हणून टेबललॅम्प ओट्यावर आणून ठेवायचे आणि एखादी कळी तिरकी गेली तर अख्खी पारी मोडून परत गोळा करायचे. त्या घरात आवाज कमी असायचे. कुकरची शिट्टी, रेडिओवरच्या बातम्या, आईच्या बांगड्या. आजोबांचं मराठी इतकं स्वच्छ होतं की ते रागावले तरी शुद्धलेखनाचा तास चालू आहे असं वाटायचं.

शहाडचं घर म्हणजे याच्या अगदी उलटा नकाशा. स्टेशनपासून आत, उल्हास नदीच्या अंगाला बाबांचं गाव. आमचे तिकडचे लोक मूळचे शेतकरी. थोडी जमीन अजून होती, थोडी गेलेली, आणि बाकीची कोर्टात होती. बाबांनी शेती सोडून मंडप डेकोरेशनचा धंदा काढलेला. त्यामुळे घरात कधीही गेलं की दोनशे माणसांचं लग्न नुकतंच उठून गेलंय असं वाटायचं. पडवीत खुर्च्यांचे मनोरे, ओसरीवर सतरंज्यांच्या वळकट्या, माळ्यावर झुंबरं, आणि मधल्या खोलीत नवरा-नवरीची लाल मखमली सिंहासनं, कारण ती बाहेर ठेवली तर कोंबड्या त्यावर बसायच्या. मी भूमितीचा अभ्यास नवऱ्याच्या सिंहासनावर बसून केलाय. शेजारच्या नवरीच्या सिंहासनावर आजी वाल सोलत बसायची. आजा, म्हणजे बाबांचे वडील, जमिनीच्या केसपायी इतकी वर्षं कल्याणच्या कोर्टात जात होता की ते त्याला दुसरं शेत वाटायचं. तारखेच्या दिवशी तो धोतर बदलायचा, फडक्यात भाकरी आणि सुकट बांधून घ्यायचा आणि संध्याकाळी समाधानाने परत यायचा. काय झालं विचारलं की म्हणायचा, ‘पुरची तारीख भेटली.’ आई-बाबांचा घटस्फोट संमतीने झाला, त्यामुळे फार लांबला नाही. आजाला ते मुळीच पटलं नव्हतं. ‘एवऱ्या लवकर मोकला केला?’ तो बाबांना म्हणाला होता. ‘तुजा वकील कच्चा हाय.’

घटस्फोट का झाला, ते मी इथे लिहिणार नाही. मला ते पूर्ण कधी कळलंही नाही, आणि दोघांना वेगवेगळं विचारलं तर दोन वेगळ्या लग्नांची हकिकत ऐकल्यासारखं वाटायचं. कॉलेजात प्रेम जमलं, दोन्ही घरांच्या नाकावर टिच्चून लग्न झालं, आणि मग ते टिकलं नाही. एवढं पुरे.

ऑर्डरप्रमाणे महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार बाबांचा. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी अर्धी अर्धी. आणि बाकीच्या सणांबद्दल लिहिलं होतं की दोघांनी समजुतीने ठरवावे. त्या ओळीवर आई आणि बाबा दोघंही वेगवेगळ्या वेळी हसलेले मला आठवतात. शनिवारी सकाळी बाबांचा टेंपो खाली येऊन उभा राहायचा, मागे बांबू भरलेले. आई खाली यायची नाही आणि बाबा वर यायचे नाहीत. माझी बॅग घेऊन आजोबा मला खाली न्यायचे, घड्याळ बघायचे, आणि बाबांना म्हणायचे, ‘आजही उशीर झाला.’ बाबा म्हणायचे, ‘कापूरबावडीला ट्रॅफिक होतं.’ आजोबा म्हणायचे, ‘ते नेहमीच असतं.’ एवढं बोलणं झालं की माझी बदली पूर्ण व्हायची. रविवारी संध्याकाळी मी परत यायचे ती केसांना तळलेल्या माशांचा वास घेऊन. आजोबा फक्त उठून खिडकी उघडायचे.

अडचण होती ती गणपतीची. गणपती दोन्हीकडे होता, आणि दोन्हीकडे अर्थातच चतुर्थीलाच यायचा. ठाण्याला दीड दिवसाचा, शहाडला पाच दिवसांचा. ठाण्याला मी आजोबांच्या मांडीला मांडी लावून अथर्वशीर्ष म्हणायचे आणि विसर्जनाला उपवनच्या तळ्यावर जाताना झांजा माझ्या हातात असायच्या. शहाडचं काम याहून मोठं होतं. गणपती आणायला आजाबरोबर कारखान्यात जायचं आणि येताना टेंपोत पुढे बसून मूर्ती मांडीवर धरायची. हा मान आधी माझ्या आत्तेभावाचा होता. त्याने एका वर्षी मूर्ती धरल्या धरल्या शिंक दिली, तेव्हापासून आजाने तो काढून मला दिलेला. घटस्फोटानंतरच्या पहिल्या वर्षी मला ठाण्याला ठेवलं, तर शहाडला आजी जेवली नाही. दुसऱ्या वर्षी शहाडला पाठवलं, तर आजोबांनी मोदक केलेच नाहीत, बाजारातून आणले. त्यांच्या दृष्टीने हे उपोषणच होतं. मी पाचवीत गेले त्या वर्षी चतुर्थी नेमकी चौथ्या शनिवारी आली, आणि तिथून सगळं पेटलं.

बाबांचं म्हणणं, चौथा शनिवार माझा, ऑर्डर वाचा. आईचं म्हणणं, तो सण आहे, आणि सणाबद्दल समजुतीने असं लिहिलंय, तेही वाचा. फोनवर दोघंही एकाच कागदातल्या दोन ओळी एकमेकांना वाचून दाखवायचे. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकायचे. तोवर मला ते थोडं गमतीचंच वाटत होतं. वर्गात दुसऱ्या कुणावरून एवढी भांडणं होत नव्हती, त्यामुळे आपण कुणीतरी आहोत असंही वाटायचं. पण मग बाबांनी खरोखरच कोर्टात अर्ज टाकला आणि आईच्या वकिलाने त्याला उत्तर तयार केलं. एका संध्याकाळी आजोबा ते उत्तर आईला वाचून दाखवत होते. त्यात लिहिलं होतं की मुलीला वडिलांकडे रात्री मुक्कामाला पाठवणं बंद करावं, फक्त दिवसा चार तास भेट असावी. आई म्हणाली, ‘एवढं नको होतं लिहायला.’ आजोबा म्हणाले, ‘वकील म्हणतो, जास्त मागितलं की थोडं मिळतं.’ आईने सहीही केली नाही, पण कागद फाडलाही नाही. टेबलावर, कडेला समांतर, तो दोन दिवस पडून होता. त्या दोन दिवसांत माझी गंमत संपली. चार तासांत शहाड म्हणजे जायला-यायलाच वेळ. सिंहासनावर झोपणं नाही, सकाळी आजीने चुलीवर भाकरी थापताना तिच्या पाठीला टेकून बसणं नाही. मी मुकाट्याने जेवायला लागले, आणि मी मुकाट्याने जेवते म्हणजे काय हे आईला कळत होतं.

तरी शेवटी तिने सही केली. जज्जसाहेबांनी दोघांचे कागद बघितले आणि सगळ्यांना समुपदेशक मॅडमकडे पाठवून दिलं. मॅडमची खोली कोर्टातच, मागच्या बाजूला. तिथे मुलांसाठी एक टोपली होती. त्यात चाकं नसलेली एक मोटार, एका हाताची बाहुली आणि रंगीत खडू. मला कागद देऊन त्या म्हणाल्या, ‘तुला जे आवडतं ते काढ.’ मी दोन गणपती काढले. मॅडमनी ते चित्र बराच वेळ बघितलं आणि माझ्याकडे फार हळव्या नजरेने पाहिलं. हल्ली डोंबिवलीला मी शिकवते त्या शाळेत मुलांची चित्रं बघते तेव्हा हीच नजर माझ्या डोळ्यांत येते असं मला कुणीतरी सांगितलं, आणि तेव्हापासून मी सावध असते. मूल कधी कधी नुसतंच दोन गणपती काढतं, कारण गणपती दोन असतात.

मग मॅडमनी आई-बाबांना आत बोलावलं. आजोबा आणि आजा बाहेरच्या बाकावर बसले, मध्ये आजाची फडक्यातली भाकरी. मी खडू घेऊन कोपऱ्यात. मोठ्यांना वाटतं, खडू हातात असला की मुलाला ऐकू येत नाही.

‘चौथा शनिवार आहे मॅडम,’ बाबा म्हणाले. ‘ऑर्डरमध्ये आहे तेवढंच मागतोय. वरचं काही नको मला.’

‘प्रकाश,’ आई म्हणाली. तिने बाबांना नावाने हाक मारलेली मी फार दिवसांनी ऐकत होते. ‘चतुर्थीच्या दिवशी तू कुठे असतोस?’

‘म्हणजे? घरी.’

‘मी त्या घरात होते. तू एका तरी चतुर्थीला आरतीला घरी असलेला मला सांग. एक सांग, मी आत्ता माझा हट्ट सोडते.’

बाबा वर पंख्याकडे बघायला लागले. मंडपवाल्याचा चतुर्थीचा दिवस कसा असतो हे मलाही माहीत होतं. विठ्ठलवाडीपासून टिटवाळ्यापर्यंत मंडळांचे मंडप, कुणाची कनात सुटली, कुणाचा जनरेटर बंद, कुणाला ऐन वेळी अजून खुर्च्या हव्यात. बाबा आदल्या दिवशी बाहेर पडायचे ते थेट चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, डोळे लाल करून यायचे.

‘धंदा आहे तो, नीला,’ ते म्हणाले. ‘तेच तर दिवस असतात.’

‘मला माहितीये धंदा आहे. मी कधी म्हटलं नाही की सोड. पण मी आणि तुझी आई नैवेद्याचं ताट वाढून बसायचो. आता येईल, मग येईल. भात गार व्हायचा. मग आम्ही दोघी आरती करायचो.’ आईचा आवाज चढला नव्हता. ‘आता तिथे शलाका बसेल वाट बघत. ती तुझ्यासाठी येणार, आणि तू कुठेतरी बांबूवर चढलेला असणार. ते मला नकोय. बाकी ऑर्डरमध्ये काय लिहायचं ते लिहा.’

बाबा गप्प बसले की धाकटे दिसायचे. मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं, ‘शलाका, तुला कुठे जावंसं वाटतं?’ मी म्हटलं, ‘दोन्हीकडे.’ त्या म्हणाल्या, ‘पण एका वेळी एकाच ठिकाणी जाता येतं ना बाळा?’ मी म्हटलं, ‘हो, म्हणूनच तर.’ मी परत चित्राकडे वळले आणि दुसऱ्या गणपतीला उंदीर काढायला घेतला.

तेवढ्यात दार ढकलून आजा आत आला. ‘येऊ का?’ असं त्याने आल्यावर विचारलं.

‘आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसा,’ मॅडम म्हणाल्या.

‘बसलो व्हतो. आयकू येते सगला बाहेर.’ आजा खुर्ची ओढून बसलासुद्धा. कोर्टात कुठे कसं बसायचं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. ‘मना एक सांगा मॅडम. आमचे घरचा गनपती कोनाचे नावाचा? माजे. ह्याचे नाय, हिचे बी नाय. मंग मना कोनी इचारला का?’

मॅडम म्हणाल्या, ‘बरं, विचारते. तुमचं काय म्हणणं आहे?’

‘ह्या पोरीचे आजीचे माहेराला, पेनकडं, गनपती साखरचौथीला येतो. चतुर्थी होऊन जाते, अनंत चतुर्दशी होते, सगले गनपती जातात, मंग त्यांचा येतो. ज्याला चतुर्थीला जमला नाय त्यानं तवा आनायचा. आमाला या साली जमत नाय. आमचा तवाच येल.’

‘अहो, घराण्यात आजवर कधी...’ बाबा म्हणाले.

‘घरान्यात घटस्फोट तरी कवा झालता?’ आजा शांतपणे म्हणाला. ‘तू केलास ना? मंग गनपतीनं थोरा बदल केला तं काय झाला?’ मग आईकडे न बघता, टेबलाकडे बघत तो पुढे म्हणाला, ‘आनि ती सांगते ते खरा हाय. पितरपाखात तुजे मंडपाला कुत्रा इचारत नाय. तवा तरी घरान असशील.’

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग आईला हसू आलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून आलं, आणि ते बघून बाबाही हसले. दोघं एकाच गोष्टीला एकाच वेळी हसतायत हे लक्षात आल्यावर दोघंही एकदम गंभीर झाले. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बाहेर आल्यावर आजोबांना सगळं सांगितलं तेव्हा ते चष्मा काढून पुसायला लागले. ‘पितृपक्षात गणपती बसवणार? पितृपक्षात?’ त्यांनी आजाला विचारलं. आजा फडकं सोडत होता. ‘पितर बी आमचेच हायत,’ तो म्हणाला. ‘एका घरात राहतील दोन दिस. भाकरी खाता का?’ आजोबांनी भाकरी घेतली. सुकट मात्र बाजूला ठेवली.

तडजोडीचा कागद तयार झाला. त्यात भाद्रपद शुद्ध चतुर्थी आईकडे आणि भाद्रपद वद्य चतुर्थी वडिलांकडे, असं लिहिलं गेलं. आधीच्या उत्तरातलं मुक्काम बंद करण्याचं कलम आईने स्वतःच्या हाताने खोडलं, तेही आजोबांच्या पट्टीने, सरळ रेषेत. आईकडून नंतर कळलं की जज्जसाहेबांनी कागद वाचून दोन्ही वकिलांना विचारलं होतं, वद्य म्हणजे नक्की कधी, आणि दोघांपैकी एकालाही चटकन सांगता आलं नव्हतं.

त्या वर्षी चतुर्थीला मी ठाण्याला अथर्वशीर्ष एकटीने म्हटलं. मध्ये अडकले, आजोबांनी ओठ हलवून आठवण करून दिली. दुपारी फोन वाजला. मागे लाउडस्पीकरचा गोंगाट, कुणीतरी ‘हॅलो माइक टेस्टिंग’ म्हणत होतं, आणि त्यातून बाबांचा आवाज. ‘म्हटलंस का गं पूर्ण?’ मी म्हटलं, हो. ‘मला म्हणून दाखव.’ मी फोनवर परत सगळं म्हटलं. त्यांना किती ऐकू आलं असेल देव जाणे. आई मोदकांचं भांडं हातात घेऊन बाजूला उभी होती, आणि मी संपवेपर्यंत तिने मला फोन ठेव म्हटलं नाही.

साखरचौथीला मूर्तीची पंचाईत झाली, कारण इकडचे कारखाने तोवर रिकामे झालेले असतात. मग मी, आजा, बाबा आणि आत्तेभाव टेंपोने थेट पेणला गेलो. आजीच्या भावाने मूर्ती सांगून ठेवली होती. येताना खड्ड्यांतून इतका वेळ ती मांडीवर धरून माझे पाय मेले होते, पण मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, कारण आत्तेभाव मागे बसला होता. घरी बाबांनी आरास केली होती. आयुष्यभर त्यांनी गावाच्या गणपतींना मखरं केली, आणि स्वतःच्या घरी उरलेला पडदा लावला. या वेळी पितृपक्षामुळे सगळा माल घरी आणि हात रिकामे. त्यांनी ओसरीवर लग्नाची कमान उभी केली, झुंबरं लावली, फिरत्या लाइटच्या माळा सोडल्या. आजी बाहेर येऊन बघत राहिली. ‘गनपती बसवायचाय का लगीन लावायचाय?’

संध्याकाळी दारात रिक्षा थांबली. त्यातून आई उतरली, आणि तिच्यामागे मोदकांचा डबा घेऊन आजोबा. कोर्टातून आल्यापासून आजोबा अस्वस्थच होते. समोरच्याने गणपतीची तारीख बदलली आणि आपण नुसती भाकरी खाऊन आलो, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. ‘दर्शन घेऊन निघू, दहा मिनिटं,’ आई म्हणाली. आजीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हातात खोवणी दिली. ‘नारल खवायचा हाय. तुजे हातचा बारीक येतो.’ आई पदर खोचून बसली. डबे कुठे आहेत, गूळ कुठे आहे, तिने एकदाही विचारलं नाही.

दहा मिनिटं काही दहा मिनिटांत संपली नाहीत, कारण त्या दिवशी संकष्टी असते आणि चंद्र बघितल्याशिवाय पान वाढायचं नाही असं आजीच्या माहेरचं शास्त्र. आकाश ढगांनी भरलेलं. सगळं घर अंगणात मान वर करून उभं. आजोबा म्हणाले, ‘गंमत आहे. चतुर्थीला आम्ही हिला चंद्र बघू नकोस म्हणून घरात कोंडून ठेवतो, आणि इथे त्याला शोधतायत.’ आत बिरडं आणि अळूच्या भाजीचा वास सुटलेला, मला भूक अनावर झालेली. शेवटी बाबांनी बांबूची शिडी घेतली आणि पाण्याच्या टाकीवर चढले.

‘प्रकाश, शेवाळ आहे, पडशील,’ आई खालून म्हणाली.

बाबांनी वरून खाली बघितलं. ‘नाही पडत,’ ते म्हणाले. ‘रोजचंच आहे.’ मग थोड्या वेळाने, ‘दिसला. नदीच्या बाजूला. इकडून ये शलाका, तुला दाखवतो.’ मी आईकडे बघितलं. ‘जा,’ ती म्हणाली. ‘धरून चढ.’ तिने खालून शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि मी चढले.

आरतीला तबक बाबांच्या हातात होतं. इतकी वर्षं इतरांच्या आरत्यांना माइक लावून दिल्यामुळे त्यांना एकूण एक आरती पाठ होती, आणि आवाज असा मोठा की नदीपलीकडे जावा. आईने टाळ्या वाजवल्या. जेवणं झाल्यावर ती आणि बाबा मधल्या खोलीत बसले, लाल सिंहासनांवर, कारण बसायला तिथे दुसरं काही नव्हतं. मी दाराशी उभी. ते माझ्या पुढे आलेल्या दातांबद्दल बोलत होते. तार लावायची की थांबायचं. बाबा म्हणत होते, थांबू. आई म्हणत होती, तू नेहमी थांबच म्हणतोस. चांगलं पंधरा मिनिटं भांडले. पण वकिलाचं नाव कुणी काढलं नाही, आणि शेवटी तार लावायची ठरली. त्यानंतर दातांपासून कॉलेजपर्यंत माझं सगळं याच पद्धतीने ठरत गेलं. ते परत एकत्र आले नाहीत, कुणाला तशी अपेक्षाही नव्हती. पुढे आजोबा शनिवारी मला खाली सोडायला यायचे ते घड्याळ न लावता.

मी अठरा वर्षांची झाले तेव्हा ऑर्डर आपोआप संपली. बाबांनी आजाला विचारलं, आता गणपती परत चतुर्थीला आणायचा का? आजा म्हणाला, ‘आता त्याला सवय झाली.’ आजा गेला, आजी गेली, जमिनीची केस अजून आहे. गावाच्या जागी आता टॉवर उभे राहिलेत आणि आमचं घरही त्यातल्याच एकात गेलंय, पण गणपती अजून साखरचौथीलाच येतो. बाबा आता शिडीवर चढत नाहीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून चंद्राची वाट बघतात. आम्ही दरवर्षी जातो. मी, माझा नवरा, मुलं, आणि आई.

नव्या लोकांना याचं फार नवल वाटतं. सगळ्या शहाडात हाच एक गणपती मागून कसा येतो? मग त्याची कारणं तयार झाली आहेत. कुणी सांगतं, एका वर्षी नदीला पूर आला आणि मूर्ती आणता आली नाही. कुणी सांगतं, घराण्यात जुना नवस आहे. गेल्या वर्षी आत्तेभावाची नवी सून पाहुण्यांना मोदक वाढताना मोठ्या श्रद्धेने सांगत होती की पणजोबांना दृष्टान्त झाला होता, देवाने स्वतः येऊन सांगितलं की मला साखरचौथीला आण. पाहुण्यांनी हात जोडले. बाबा गॅलरीतून आत बघत होते. मी आईकडे बघितलं, म्हटलं आता ही काय म्हणते.

आईने मोदक फोडला, त्यावर तूप घेतलं आणि त्या मुलीला म्हणाली, ‘अगदी खरं आहे. दृष्टान्त झाला तेव्हा मी समोरच बसले होते.’